हाताचा हिशेब

मराठी कवींनी डोळ्यांवर जितकी शाई खर्च केली तितकी हातावर केली नाही. डोळ्यांना कमळ मिळाले, मासोळी मिळाली, हरिणी मिळाली. हाताच्या वाट्याला फार तर एखादे 'करकमल' आले, आणि तेही पुढे उद्‌घाटनाच्या कोनशिलांच्या कामी लागले. पण कवितेचा उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात, शेतात, बाजारात किंवा कचेरीत यावे, म्हणजे सगळे चित्र पालटते. तेथे हाताशिवाय पान हलत नाही. मदत करायची तर हात द्यायचा, अंग काढून घ्यायचे तर हात झटकायचे, खर्च आवरायचा तर हात आखडायचा, हरलो तर हात टेकायचे, जेवणावर ताव द्यायचा तर हात मारायचा, आणि एखाद्याचा पिच्छा पुरवायचा तर चक्क हात धुवून मागे लागायचे. दाते आणि कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या वर्षांत सिद्ध केलेला 'महाराष्ट्र शब्दकोश' पाहावा, किंवा त्याच जोडीचा 'वाक्संप्रदाय कोश' चाळावा. 'हात' या शब्दापाशी आलेला वाचक लवकर पुढे सरकत नाही.

हे सारे संप्रदाय केवळ भाषेचे अलंकार आहेत असे मला वाटत नाही. माणसांनी हातांनी काय काय केले, कशाने मोजले, कोणाला वचन दिले आणि कोठे फसले, त्याची ती जमाखर्चाची वही आहे. ती वही वाचायला सोलापूरसारखे गाव नाही. येथे एकाच गल्लीत मराठी 'हात', कानडी 'कै' आणि तेलुगू 'चेय्यि' नांदतात. उर्दू 'हाथ' पलीकडच्या वळणावर असतो. शिवाय गाव हातावर जगणाऱ्यांचे. तेव्हा हाताबद्दल काही बोलायचे तर ते येथे बसून बोलावे.

मास्तराने आरंभ शाळेपासून करणे प्राप्तच आहे. 'नऊ आणि सहा पंधरा, पाच मांडले, हातचा एक' हे आपण सगळेच कधीतरी म्हणालो आहोत. इंग्रजी शाळेतला मुलगा हा एक पुढच्या घरापर्यंत 'वाहून नेतो'. आपला मुलगा मात्र तो बोटावर धरून ठेवतो, हाताशी राखतो. बेरजेसारख्या कोरड्या गोष्टीतही मराठीला पाटीपेक्षा हाताचा भरवसा अधिक वाटला. तीच गोष्ट 'हातउसने' या शब्दाची. कागद नाही, व्याज नाही, साक्षीदार नाही. वाटीभर साखर किंवा चार रुपये या हातातून त्या हातात गेले आणि तसेच परत आले. सावकारी कर्जाला आपल्याकडे डझनभर शब्द आहेत. पण शेजाऱ्याच्या विश्वासावर चालणाऱ्या या व्यवहाराला भाषेने हाताचेच नाव दिले.

शब्दाचे कुळ थोडक्यात सांगतो. संस्कृत 'हस्त', प्राकृत 'हत्थ', मराठी 'हात'. ज्याला हात आहे तो 'हस्ती', म्हणजे आपला हत्ती. त्याच्या सोंडेलाच जुन्या लोकांनी हात मानले. इथपर्यंत सरळ आहे. गंमत पुढे आहे. फारसीत हाताला 'दस्त' म्हणतात, आणि 'हस्त' व 'दस्त' हे एकाच मूळ शब्दाचे दोन देशी वाढलेले वंशज आहेत. बहामनी आणि आदिलशाही अमलात ही दूरची चुलत बहीण दख्खनच्या दप्तरात आली व कायमची राहिली. हाताने लिहिलेली खूण म्हणजे दस्तखत. हाताने धरून ठेवावा असा आधार तो दस्तऐवज. मुठीत मावेल एवढा कागदांचा गठ्ठा तो दस्ता. ज्याचा हात वर तो जबरदस्त. आज जमिनीचा 'दस्त' नोंदवायला गेलेला शेतकरी फारसी हात कागदावर ठेवून येतो आणि घरी आल्यावर मराठीत म्हणतो, 'हात कापून दिले बाबा.' लेखी बांधून घेतलेल्या माणसाची अगतिकता इतक्या थोडक्यात दुसऱ्या कोणी सांगितली असेल असे वाटत नाही.

लेखी आणि तोंडी वचनांचा विषय निघाला आहे, तर सोलापूरच्या किल्ल्याची गोष्ट येथेच सांगून टाकतो. मुलीचे लग्न करून देणे याला आपण 'हात पिवळे करणे' म्हणतो. सोळाव्या शतकात दख्खनच्या सुलतानांनी हे हात पिवळे करण्याच्या निमित्ताने आमचे गाव दोनदा पणाला लावले. १५२४च्या सुमारास विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम हिचे लग्न अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी झाले. लग्नात सोलापूर आंदण देण्याचे ठरले होते. मुलगी सासरी गेली, किल्ला मात्र माहेरीच राहिला. अहमदनगरकरांच्या हातावर तुरी दिल्या गेल्या, आणि त्या तुरींपायी पुढची चाळीसएक वर्षे दोन्ही घराणी एकमेकांशी झुंजत राहिली. किल्ला कधी या हाती तर कधी त्या हाती. अखेर बुऱ्हाणाचा मुलगा हुसेन निजामशहा याने आपली मुलगी अली आदिलशहाला दिली आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून खरोखरच दिला. ही मुलगी म्हणजे इतिहासप्रसिद्ध चांदबिबी. त्या सोयरिकीतून जुळलेली फळी १५६५ साली विजयनगरविरुद्ध उभी राहिली, हे सर्वांना ठाऊक आहे. ज्या गावासाठी एवढी माणसे मेली त्या गावाला कोणी विचारले होते असे मात्र बखरीत दिसत नाही. किल्ला भुईकोट, बाजूला सिद्धेश्वराचे तळे. आज संध्याकाळी तेथे मुले खेळतात.

आता शेताकडे. आकाशातल्या सत्तावीस नक्षत्रांत एक 'हस्त' आहे. पाच ठळक ताऱ्यांचा पंजा जुन्या ज्योतिषांना दिसला आणि त्यांनी त्याला हाताचे नाव दिले. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य या नक्षत्रात येतो आणि सुमारे तेरा-चौदा दिवस राहतो. कोकणातल्या किंवा पुण्याच्या वाचकाला तोवर पावसाळ्याचा कंटाळा आलेला असतो. सोलापूरकराचे तसे नाही. आमच्याकडे आषाढ-श्रावणात ढग नुसते येऊन जातात. खरा पाऊस सप्टेंबरात. काळी खोल जमीन त्या परतीच्या पावसाने भिजली, ओल धरली, म्हणजेच रब्बीची ज्वारी पेरायची. मंगळवेढ्याच्या ज्वारीचे नाव सर्वत्र आहे; मोहोळला निवडलेली मालदांडी ३५-१ शेजारच्या राज्यांतही गेली. ही सारी ज्वारी त्या ओलीवर उभी राहते. थंडीत तिला पाणी पाजणारे दुसरे कोणी नसते.

या पावसाला खेडूत 'हस्ताचा' फारसा म्हणत नाही, 'हत्तीचा पाऊस' म्हणतो. 'पडतील हत्ती तर पडतील भिंती' ही म्हण त्याचीच. शिकलेल्या माणसाला हा अडाणीपणा वाटतो. पण वर सांगितलेले कुळ आठवा: हत्ती हा हस्ताचाच पुत्र आहे. हादग्याच्या दिवसांत मुली भिंतीवर किंवा पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरतात, तेव्हा त्या व्युत्पत्तीचे एक प्रकरणच गाऊन दाखवतात. पंडितांच्या आधी ते त्यांना ठाऊक होते, इतकेच.

आणि हा हात आला नाही तर? येथे मला आमच्या कानडी शेजाऱ्यांचा आधार घ्यावा लागतो. मराठीत 'हात देणे' म्हणजे साह्य करणे, बुडत्याला वर काढणे. कानडीत 'कै कोडु' म्हणजे शब्दशः हात देणेच. पण अर्थ अगदी उलटा, ऐन वेळी दगा देणे. 'मळे कै कोट्टितु', पावसाने हात दिला, असे अक्कलकोटकडचा कानडी शेतकरी म्हणाला तर त्याचे शेत पिकले असे समजू नका. ते करपले आहे. तेलुगू पोरे तर हल्ली इंग्रजी शब्द घालून 'हँड इच्चाडु' म्हणतात, अर्थ तोच. नवख्या मराठी माणसाने या गावात हात देण्याची भाषा जरा जपून करावी हे बरे.

१९७२ साली पावसाने कानडी अर्थाने हात दिला. त्या दुष्काळाच्या गोष्टी अजून घरोघर निघतात. मिलोची ज्वारी, वाटलेली सुकडी, पाझर तलावांची आणि रस्त्यांची कामे, आणि रस्त्याकडेला बसून खडी फोडणाऱ्या बायका. त्या वेळी एक वाक्य जिल्हाभर ऐकू येई: 'हाताला काम द्या.' हे वाक्य जरा निरखून पाहा. माणूस 'मला काम द्या' म्हणत नाही. मागणारा जणू बाजूला उभा राहतो आणि आपल्या हाताची रदबदली करतो; त्यामुळे भीक मागितल्यासारखे होत नाही. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात जी योजना लहान प्रमाणावर चालवून पाहिली होती, तीच या दुष्काळानंतर वाढून रोजगार हमीचा कायदा झाली. विधिमंडळाने तो १९७७ साली केला आणि १९७९च्या प्रजासत्ताकदिनापासून तो अमलात आला. काम मागण्याला हक्क मानणारा असा कायदा देशात पहिलाच. पुढे दिल्लीनेही तो कित्ता गिरवला. कायद्याच्या भाषेत अर्थातच हात नाही, 'अकुशल प्रौढ व्यक्ती' आहे. खडी फोडून हातांना फोड आलेल्या बाईला आपण अकुशल आहोत हे तेव्हा कळले.

कानडी आणि मराठी हात देण्याबाबत भांडले तरी एका शब्दावर त्यांचे एकमत आहे. वैद्याच्या औषधापेक्षा त्याच्या हाताला गुण असतो असे दोघेही मानतात. आपला 'हातगुण', त्यांचा 'कैगुण'. या शब्दाचा विचार करताना डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवल्यावाचून राहत नाहीत. सोलापुरात १९१० साली जन्मलेला हा तरुण मुंबईला डॉक्टर झाला आणि १९३८ साली जपानशी झुंजणाऱ्या चीनमध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून गेला. बाकीचे चौघे यथाकाळ परतले, हा राहिला. आठव्या सैन्याबरोबर डोंगराखोऱ्यांतून हिंडला, बेथून रुग्णालयाचा प्रमुख झाला, तिथल्याच एका परिचारिकेशी त्याने लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारला. १९४०च्या एका लढाईत त्याने सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्या असे सांगतात. चिनी भाषेत शस्त्रक्रियेला 'शोउशू' म्हणतात; त्याचा अर्थ हाताची कला. आपण त्या कामात शस्त्र पाहिले, चिन्यांनी हात पाहिला. आणि इंग्रजीतला 'सर्जन' हा शब्दही मुळात ग्रीक आहे, त्याचा अर्थ हाताने काम करणारा. म्हणजे कोटणीसांचा धंदा आणि त्यांच्या गावातल्या साळ्याचा धंदा यांचे नाव शब्दाच्या मुळाशी एकच निघते.

साळ्याकडे येण्याआधी वाटेत कापडाचे दुकान लागते. गजपट्टी येण्यापूर्वी कापड हातानेच मोजत. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात; दोन विती, चोवीस अंगुळे. कौटिल्याच्या काळापासून हे कोष्टक चालत आले आहे. शिवछत्रपतींच्या काळी जमीन मोजण्याची काठीसुद्धा पाच हात पाच मुठींची होती, अशी सभासदाची नोंद आहे. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर. सर्व स्वराज्याची शेती अशी हाताखालून गेली. पण काठी सरकारने ठरवलेली होती. दुकानात हात कोणाचा धरायचा? विकणारा आपला धरणार, घेणारी बाई आपल्या उंच दिराला बरोबर आणणार! पुढे छत्तीस इंचांचा वार आला, दोन हातांचा एक वार ठरला आणि हे भांडण मिटले. जुनी माणसे सोळा हाती आणि अठरा हाती लुगडे म्हणत, तेच आठ वारी आणि नऊ वारी झाले. मग १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला, १९५८पासून तो टप्प्याटप्प्याने बाजारात उतरला आणि वारही गेला. नऊवारी लुगडे मात्र अजून 'सव्वाआठ मीटरी' झालेले नाही, आणि होईल असे दिसत नाही.

आता माग. सोलापुरात विणणारे नाना जातींचे आणि भाषांचे: तेलंगणातून आलेले पद्मशाली, मराठी स्वकुळ साळी, कानडी कुरुहिनशेट्टी, मोमीन. या सर्वांच्या यंत्राला मराठीत 'माग', कानडीत 'मग्ग', तेलुगूत 'मग्गं'. म्हणजे शब्द सामाईकच. पूर्वी त्यामागे 'हात' लावायची गरज कोणाला पडली नव्हती. माग म्हटला की तो हाताचाच. भात सडलेला तो हातानेच, कागद केलेला तो हातानेच. गिरणी आली तेव्हा 'हातसडीचे तांदूळ' जन्मले, आणि वाफेवर व विजेवर चालणारे माग आले तेव्हा आपल्या जुन्या मागाला 'हातमाग' हे बारसे मिळाले. कानडीत 'कैमग्ग' झाला, तेलुगूत 'चेनेत' म्हणजे हातविण. तिन्ही भाषांनी आपापला हात पुढे केला. एखाद्या धंद्याच्या नावाला 'हात' चिकटला की तो धंदा संकटात सापडला असे खुशाल समजावे.

खरे तर तोपर्यंत हाताचे अर्धे काम हातातून गेलेही होते. जुन्या मागावर धोटा एका हाताने फेकायचा आणि दुसऱ्या हाताने झेलायचा. त्यामुळे कापडाचा पन्हा किती, तर विणकराचे दोन हात सुखाने पोचतील तेवढा. अधिक रुंद कापड हवे तर दुसरा माणूस बसवावा लागे. इंग्लंडात १७३३ साली जॉन के याने दोरीच्या झटक्याने पळणारा धोटा काढला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो सोलापूरच्या मागांवर चढला. पन्हा वाढला, वेग वाढला. दोरी ओढायला एक हात पुरू लागला. बायकामुलांचे हात मात्र पूर्वीसारखेच कांड्या भरत राहिले. विणकामाच्या कौतुकात कांड्या भरणाऱ्या हातांचा उल्लेख क्वचितच येतो, म्हणून येथे मुद्दाम करतो.

कायद्याने हातमागाची व्याख्या कशी केली तेही पाहण्याजोगे आहे. काही वाण हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा १९८५ साली संसदेने केला. त्यात हातमाग म्हणजे काय? तर यंत्रमाग नसेल असा कोणताही माग. हजारो वर्षे चाललेल्या कामाची ओळख त्याच्या प्रतिस्पर्ध्यावरून ठरली. राखीव वाण आरंभी बावीस होते, पुढे ते अकरावर आले. सोलापुरी चादर म्हणून जी देशभर जाते ती यंत्रमागावरची, टॉवेलही त्याचेच. हातमागाचा ठोका ऐकायचा तर आता गावाच्या पूर्वभागात जाऊन मुद्दाम विचारपूस करावी लागते.

गिरण्यांचा संसार याहून मोठा आणि त्याचा शेवट याहून लवकरचा. १८७७ साली सुरू झालेली आमची 'जुनी गिरणी', मग लक्ष्मी, विष्णू, जाम या तिच्या मागून आलेल्या. कारखानदारीला इंग्रजीत 'मॅन्युफॅक्चर' म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ हाताने केलेले. ज्यांनी हाताचे काम संपवले त्यांनी नाव मात्र हाताचेच मिरवले. असो. १९४९ साली जुन्या गिरणीच्या चालकांनी हात वर केले आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. १९५० साली सरकारने खास कायदा करून गिरणी हाती घेतली. त्यावरचे खटले सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि नव्या घटनेत समता म्हणजे काय व मालमत्ता म्हणजे काय, याची पहिली चर्चा त्यांत झाली. वकिलीचे विद्यार्थी ते निवाडे अजून अभ्यासतात. गिरणीला त्याचा फार काळ उपयोग झाला नाही. साठीच्या दशकात ती कायमची बंद पडली. यथावकाश बाकीच्याही तिच्या वाटेने गेल्या.

पुरुषांचे हात बसले आणि बायकांचे चालू राहिले. मराठीत 'हात बसणे' याला दोन तोंडे आहेत. काम अंगवळणी पडले, सराईतपणा आला, तरी हात बसला. आणि काम सुटले तरी हात बसले. सोलापूरच्या कित्येक घरांत हे दोन्ही अर्थ एकाच छपराखाली सापडले: कोपऱ्यात गिरणीतून सुटलेला नवरा, आणि उंबऱ्यापाशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बायको. विडीकाम हे येथे हजारो बायकांचे, त्यांतही तेलुगू बायकांचे काम आहे. पान भिजवायचे, कात्रीने कापायचे, तंबाखू घालायची, वळायचे, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर. तपासणारा सदोष म्हणून ज्या बाजूला काढील त्यांचे पैसे नाहीत. 'हातावर पोट' असे आपण सहज बोलून जातो. तो संप्रदाय उघड्या डोळ्यांनी पाहायचा तर दुपारी या गल्ल्यांतून चालावे.

आमच्या शाळेतल्या एका मुलीची आजी अशीच उंबऱ्यात बसून विड्या वळते. नजर रस्त्यावर, तोंड शेजारणीशी तेलुगूत, आणि बोटे आपल्या कामात. पंचवीस झाल्या की बोटे आपोआप थांबतात, बंडल बांधतात, पुन्हा सुरू होतात. एकदा मी विचारले, "आजी, न बघता पंचवीस मोजता कशा?"

तिने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे पाहिले. "मोजतंय कोण गुरुजी? हाताला कळतंय की," असे म्हणून तिने सूप किंचित सरकवले आणि नातीला हाक मारली, कारण पाने संपली होती.